बाबा आणि सुई

दवाखान्याच्या गेटसमोर एक चहाची टपरी आहे. माझं अर्धं आजारपण माझ्या बाबांनी त्या टपरीच्या बाकड्यावर बसून काढलं. मी आत, हाताला सलाईन लावलेली; बाबा बाहेर, हातात चहाचा गिलास. आमच्या शेतात औंदा कोणता धान लावला, बैलाला काय झालं होतं, सगळं त्या टपरीवाल्याला ठाऊक. सुई टोचताना माझं तोंड कसं होतं, ते मात्र माझ्या बापाला ठाऊक नव्हतं. याचा मला राग होता. होता म्हणजे लयच होता.

आमचं गाव आरमोरीच्या अलीकडे. धानाची शेती, दोन बैल, मातीचं घर. मला सिकलसेल आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडं आतून दुखतात. कशी दुखतात ते सांगत बसत नाही, सांगून आजवर कुणाला कळलंय? आमच्याकडे एका घराआड एका घरात कुणी ना कुणी सिकलचं असतं. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी पिण्यात आलं, की दुखणं उठतं आणि जिल्ह्याचा दवाखाना गाठावा लागतो. लहानपणापासून इतक्या सुया टोचून घेतल्या की माझ्या नसा आता लपून बसतात. सिस्टर हातावर चापट्या मारून मारून थकते, पण नस काही वर येत नाही.

बाबा भित्रे आहेत असं कुणी म्हणू नये. बांधावर घोणस निघाली तर बाकीचे पळतात, बाबा काठी शोधतात. धानाचा भरलेला कट्टा, अख्खं पोतं, एका दमात पाठीवर घेतात. पायात बाभळीचा काटा मोडला तर स्वतःच्या हातानं कोरून काढतील आणि वर तंबाखू मळतील. पण सुई म्हटली की संपलं. स्पिरिटचा वास आला तरी ओठ पांढरे. गावातले लोक चिडवायचे, "पाटलाच्या माजलेल्या बैलाले आवरते, अन् सुईले भेते!" बाबा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. उठून दुसरीकडे जायचे.

आई होती तोवर सगळं निभावलं. ती माझ्या खाटेशी बसायची आणि मी बाबांच्या नावानं कुरकूर केली की म्हणायची, "जाऊ दे बाई, त्यायले नाई जमत." मग आई गेली, काविळीनं. तिच्यानंतर आत्या यायला लागली. बाबांची ही मोठी बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिलेली. स्वतःला साखरेची बिमारी, रोज पोटात इन्शुलिन टोचून घेणारी, गुडघे कामातून गेलेले. ती यायची, खाटेच्या लोखंडी कडेवर डोकं टेकून झोपायची. आणि तिकडे बाहेर, बाकड्यावर, माझा धडधाकट बाप.

एका हिवाळ्यात दुखणं उठलं ते मांड्यांपासून पाठीपर्यंत. दारात ऑटो आला. बाबा ब्लँकेट घेऊन उभे.

"चाल बाई."

"तुमी आत येता का?"

"मी बाहेर हाये ना. गेटवरच तं बसतो."

"मंग मी घरीच हाये."

आत्या ओरडली, "काऊन जिद्द करून राह्यली व? जीव जाईन ना!"

"जाऊ द्या गेला तं," मी म्हणाले.

मी हे दुखण्याच्या भरात बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. आई नाही, आणि ज्यानं बसायला पाहिजे तो बसत नाही, तर जाऊन तरी काय करायचं? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड फिरवावं लागलं. मग त्यांनी मला ब्लँकेटसकट उचललं आणि ऑटोत ठेवलं.

दवाखान्यात त्यांनी मला उचलून गेटच्या आत नेलं. मी म्हटलं, चला, निदान एवढं तरी. पण व्हरांड्याच्या पायरीशी त्यांचे पाय थांबले. घाम फुटला. त्या थंडीत, कपाळावरून गळणारा घाम. ते मला घेऊन पायरीवरच बसले. लोक आमच्या बाजूनं चढत-उतरत होते. आत्या आत जाऊन कुणाला बोलवावं म्हणून धावली, तर ती घेऊन आली सिकलसेलच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक बाईंना. या बाई मला लहानपणापासून ओळखायच्या. माझ्या गोळ्या चुकल्या की माझ्यावर डाफरायच्या.

त्या दिवशी त्या डाफरल्या नाहीत. बाबांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू आत्यासंग आत जा. तुझ्या बाबांचं मी पाहते. सोडत नाही त्यांना, बस?" त्यांनी शब्द दिला म्हणून मी गेले.

दुखणं उतरल्यावर, सुट्टी झाली त्या दिवशी, बाई आम्हाला घेऊन त्याच टपरीवर आल्या. आत बोलावलं तर बाबा येणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. चहा आला. बाईंनी सरळ विचारलं, "भाऊ, सुईचं नेमकं काय भेव वाटते तुम्हाला? दुखते म्हणून?"

बाबांनी गिलास बाकड्यावर ठेवला. मग म्हणाले, "इच्या आंधी एक पोरगा होता मॅडम."

माझ्या आधी एक भाऊ होता, तापानं गेला, एवढं मला माहीत होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. घरात फोटो नाही, काही नाही.

"लहान होता. त्यालेबी असंच दुखे. तवा सिकल-फिकल आमाले काय माहीत? इथी आणला. मांडीवर घेऊन बसलो होतो. नस भेटेच ना. टोचत, काढत, अखीन टोचत. तो म्हने, बाबा, नको म्हना ना त्यायले. मी त्याचा हात धरून होतो. मंग मले भोवर आली. पडलो मी. लोकायनं पानी मारून उठवलं, तवा तो नव्हता."

टपरीवाल्यानं विसळायला घेतलेला गिलास तसाच खाली ठेवला.

"हात सुटला मॅडम. आता आत गेलो तं मी पडन. अन् पडलो तं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

मला रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग संताप आला. एवढी वर्षं हे पोटात ठेवून बसले! आईलाही ठाऊक होतं आणि तीही मुकाट राहिली. मी बिचारी समजत होते की माझ्या बापाला माझ्यापेक्षा चहा प्यारा. पण त्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझा जुना राग मात्र निघून गेला. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी तो धरला नाही. आमच्या घरात तशी सवय नाही.

बाईंनी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, भीतीला एकदम भिडायचं नाही, थोडं थोडं जवळ जायचं. आणि जिथं भीती वाटेल तिथून पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. दुसरी गोष्ट चक्कर येऊन पडू नये म्हणून होती, ती ऐकून आत्या चक्रावली. आत्या आजवर बाबांना हेच सांगत आली होती, "डोरे मिट, आंग ढिलं सोड, काई होत नाई." आम्ही सगळेच तेच सांगायचो. बाई म्हणाल्या, हेच चुकते. बाकी भीतीत अंग सैल सोडलं तर बरं वाटते, पण रक्ताच्या, सुईच्या भीतीत रक्तदाब एकदम खाली जाते, म्हणून माणूस पडते. तिथं अंग सैल नाही सोडायचं, घट्ट करायचं.

"चिखलात बैलबंडी फसली तं काय करता भाऊ?"

"जोर लावतो."

"कुठून लावता?"

"पायातून. कमरेतून."

"तसाच जोर बसल्या जागी लावायचा. तोंडावर गरमी आली की सोडायचा. मंग अखीन लावायचा."

हे बाबांना पटलं. बाकी काही पटलं की नाही मला माहीत नाही, पण बंडीचा जोर पटला. तेव्हापासून आमच्या अंगणात एक तमाशा सुरू झाला. बाबा खाटेवर बसायचे, मांड्या आवळायचे, मुठी आवळायचे, तोंड लाल करायचे. शेजारची म्हातारी आत्याला हळूच विचारून गेली, "काऊन व, भाऊले साफ होत नाई का?" आत्यानं इसबगोल घ्यायला सांगते म्हणून तिला वाटेला लावलं.

बाईंनी बिनसुईची एक सिरिंज दिली होती. ती घरात दिसेल अशी ठेवायची. बाबांनी ती फळीवर ठेवली आणि वरून दुपट्टा टाकला. मी दुपट्टा काढायची, ते परत टाकायचे. आमचं हे मुकाट भांडण उन्हाळाभर चाललं. मग एक दिवस दुपट्टा त्यांनीच काढला. मग सिरिंज हातात घ्यायला लागले, तिनं बैलाला पाणी पाजायचं सोंग करायला लागले. मग आत्या रोज पोटात टोचते ते पाहायचं ठरलं. आधी दारातून, मग चुलीजवळून. आत्या मुद्दाम सावकाश टोचायची आणि म्हणायची, "पाय, पाय इकडं. मेली का मी?" एकदा बाबांचे डोळे फिरायला लागले तशी मी ओरडले, "बंडी! बाबा, बंडी!" त्यांनी जोर लावला आणि तोंडावर रंग परत आला.

माझ्याशी त्यांचा करार झाला होता. दुखलं की मी ऑटोत बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही; आणि ते प्रत्येक खेपेला थोडे आणखी आत येतील. पावसाळ्यात ते व्हरांड्यात बसले. धान निसवायला आला, लोंब्या दिसायला लागल्या, तेव्हा वॉर्डाच्या दारापर्यंत आले. तिथं भिंतीला टेकून, पाय आवळून उभे राहिले आणि सुई लावायची वेळ आली तशी मान वळवली. पण गेले नाहीत.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. नातलग येतात, लेकी येतात, दुकानं लागतात, पाळणे येतात. त्या वर्षी आमच्या मंडईत गोंदणवाला आला होता, घर्रर्र करणारं मशीन घेऊन. मला वाटलं, अरे, ही तर आयती पायरी! सुई आहे, टोचणं आहे, थोडं रक्तही आहे, आणि स्पिरिटचा वास नाही. मी बाबांना घेऊन गेले, मागोमाग आत्याही आली. आम्ही समोर उभं राहून पाहत होतो आणि बाबा एकदम त्याच्या पुढ्यात बसले. बाही वर केली.

आत्या म्हणाली, "अरे, आपुन बौद्ध झालो तवाच हे सोडलं ना?" पण बोलता बोलता तिचा हात तिच्या स्वतःच्या कोपराकडे गेला, जिथं तिच्या आईनं लहानपणी काढून घेतलेले हिरवे ठिपके आहेत. मग ती म्हणाली, "काढ बापा काढ. मेल्यावर गोदनाच तं संग येते."

गोंदणवाल्यानं विचारलं, "काय काढू भाऊ? नाव? फूल?"

"एक ठिपका. इथी." मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याकडे त्यांनी बोट ठेवलं.

मशीन सुरू झालं. बाबांनी मांड्या आवळल्या, दुसऱ्या हाताची मूठ आवळली, आणि पाहत राहिले. ठिपक्याला लागतो कितीसा वेळ? पण ते पडले नाहीत. मी आनंदानं त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. "कायचा ठिपका हो बाबा?" म्हटलं तर म्हणाले, "असाच."

मोठ्या तोऱ्यात आम्ही हे जाऊन समुपदेशक बाईंना सांगितलं. बाई ताडकन उभ्या राहिल्या. "त्यानं सुई बदलली होती का? किती लोकांना त्याच सुईनं टोचलं, विचारलं तुम्ही? सिकलच्या पेशंटच्या घरचे ना तुम्ही! मी पायऱ्या सांगते अन् तुम्ही मंडईत जाता?" आम्ही तिघंही खाली मान घालून. इतके दवाखाने केले, इतक्या वेळा नवी सुई फोडताना पाहिली, आणि आमच्या डोक्यातच आलं नाही. कारण गोंदण म्हणजे मंडईची गोष्ट, दवाखान्याची नाही. बाईंनी बाबांचं रक्त तपासायला लिहून दिलं. म्हणजे जिच्यासाठी वर्षभर तयारी चालली होती ती सुई बाबांनी आपल्याच हातानं ओढवून घेतली. रक्त काढताना ते आडवे झोपले, पाय आवळले आणि आत्याला म्हणाले, "मी पडलो तं खाटेवरच पडन." तपासणीत काही निघालं नाही. काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा तपासून घेतलं, तेव्हाही काही नाही.

पण त्या दुसऱ्या तपासणीआधीच परत थंडी पडली आणि मला दुखलं. या खेपेला छातीतही दुखत होतं. ऑटोत मी कबूल केल्याप्रमाणे तोंड मिटून बसले होते. दवाखान्यात पोचलो. टपरीवाल्यानं सवयीनं गिलास पुढे केला आणि बाबा त्याला म्हणाले, "आज नाई." ते पायऱ्या चढले, व्हरांडा ओलांडला, वॉर्डाच्या दारातून आत आले आणि माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले. माझा उजवा हात त्यांनी हातात घेतला. त्यांचा तळवा ओला होता आणि मांड्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या.

सिस्टर डाव्या हाताला लागली. नस मिळाली नाही. परत टोचलं, आत फिरवलं, नाही. मनगटाजवळ पाहिलं, नाही. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही, कारण शेजारी बाबा आहेत. पण फिरवताना ती सुई कुठं तरी अशी लागली की माझ्या तोंडून निघालंच, "नको ना सिस्टर, नको!"

बाबांचा हात माझ्या हातातून सुटला. स्टूल आडवं झालं आणि ते फरशीवर पडले.

आत्या धावली. दुसऱ्या सिस्टरनं त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले. मी खाटेवरून पाहत होते आणि मला एवढंच कळत होतं, की संपलं. वर्षाची मेहनत पाण्यात गेली, आता हा माणूस गेटच्या आत यायचा नाही, आणि मीही यायची नाही. त्या गडबडीत पहिल्या सिस्टरनं माझा हात सोडलाच नव्हता. तिला नस मिळाली आणि सलाईन सुरू झाली. मला तर कळलंही नाही.

बाबांची पापणी हलली. डोळे उघडले. वरच्या पंख्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि परत गच्च मिटले. आत्या म्हणाली, "ऊठ ना रे, झालं आता." ते उठेनात. मान खाटेच्या उलट्या बाजूला वळवून तसेच पडून राहिले. सिस्टर म्हणाली, शुद्धीवर आहेत, काही नाही. पण ते डोळे उघडत नव्हते.

मग माझ्या लक्षात आलं. ते खाटेकडे पाहायला तयार नव्हते. उठलो की काय दिसतं, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

"बाबा," मी म्हटलं. छाती दुखत होती, आवाज निघेना. ते हलले नाहीत. मग मात्र मला माझा नेहमीचा राग आला आणि त्या रागानं आवाज दिला. "बाबा! मी हाये. इथीच हाये. पाहा ना इकडं!"

त्यांनी मान वळवली. आधी माझ्या हातातली सुई पाहिली. तिच्याकडे पाहतच राहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बोलून राह्यली तू," ते म्हणाले.

"मंग काय! बोलून राह्यली."

आणि माझा बाप त्या वॉर्डात, सगळ्या खाटांसमोर, फरशीवर पडल्या पडल्या रडायला लागला. आई गेली तेव्हा त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. आत्यानं त्यांना थांबवलं नाही. सिस्टरनं पडदा ओढून घेतला.

दुपारी समुपदेशक बाई आल्या. बाबा परत स्टुलावर बसले होते, या वेळी स्टूल भिंतीला लावून. "पडले म्हणे भाऊ?" बाईंनी विचारलं.

"पडलो," बाबा म्हणाले. "पन पोरगी हाये."

बाईंनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आत्या डब्बा धुवायला गेली होती. माझा उजवा हात बाबांच्या हातात होता. त्यांच्या मनगटावरचा मंडईतला ठिपका आता पक्का झाला होता. मी अंगठ्यानं त्याला चाचपत होते. न विचारता तेच बोलले.

"त्याच्या हाताले इथीच तीळ होता," बाबा म्हणाले. "धरला होता ना मी."

मी त्यांचा हात घट्ट धरला. मग त्यांनी मला माझ्या भावाचं सांगितलं, फुटाणे कसा खिशात भरून ठेवायचा, बैलाच्या पाठीवर बसवा म्हणून कसा रडायचा. बाटली रिकामी झाली तेव्हा बाबा उठले आणि सुई काढायला त्यांनीच सिस्टरला हाक मारली.